बारावी खुर्ची

अकरा माणसांचे पाय धुऊन झाले तरी परातीतलं पाणी नितळच होतं. यात चमत्कार काही नाही. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून नाचणगावची ख्रिस्ती मंडळी पवित्र गुरुवारी गिरजाघरात पाय धुऊन घ्यायला यायची, ती घरूनच टाचा दगडाने घासून. पाद्रीबाबांच्या हाताला आपली घाण लागू नये म्हणून!

यंदा पाद्रीबाबांचा हात प्लास्टरमध्ये. म्हणून परातीपुढे गुडघे टेकून बसला होता चंद्रभान पहिलवान. याच चंद्रभानने ऐन पोळ्यात उधळलेला बैल शिंगं धरून खाली बसवला होता. तो बैल पुढे आठ दिवस लाजून गोठ्याबाहेर आला नाही म्हणतात.

"मी नाई जी," चंद्रभान सकाळी म्हणाला होता. "हे हात मोडाचे आहेत, धुवाचे नाई."

"प्रभूचे हात सुताराचे होते, चंद्रभान," पाद्रीबाबांनी टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. "अंगात जोर नव्हता म्हणून वाकला काय तो?"

खिडकीत त्याच्या तालमीतला जुना जोडीदार लक्ष्मणराव सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत उभा होता. त्याला राहवलं नाही.

"काऊन बे चंद्रभान? पुढच्या साली लुगडं नेसूनच येजो!"

बाकांवर खसखस पिकली. चंद्रभानने परात पुढच्या खुर्चीकडे सरकवली.

बारावी खुर्ची ओमप्रकाशची. तो पुलगावला गेलेला, मोटार चुकली असणार. खुर्ची रिकामी पाहून चंद्रभान उठायला लागला, आणि खुर्चीपुढे त्याला पाय दिसले.

ओले पाय. बोटांच्या बेचक्यांत नदीचा गाळ. डावा सरळ. उजवा घोट्यातून आत वळलेला.

चेहरा बघायची गरज नव्हती. तो घोटा त्यानेच मोडला होता. दंगलीच्या आखाड्यात रूपराव तेव्हा चीत झाला होता, पाठ मातीला लागली होती, कुस्ती संपली होती. पण सगळी दंगल ओरडत होती, "मर्द असशीन तं मोड!" त्यात लक्ष्मणरावचा आवाज सगळ्यांत मोठा. चंद्रभानने मोडला. रूपराव मग जन्मभर लंगडला. तीन वर्षांमागे वर्धा नदीचा पूर शेतात शिरला तेव्हा सगळे पळाले. रूपरावला पळता आलं नाही.

चंद्रभानने डावा पाय ओंजळीत घेतला. विहिरीतल्या दगडासारखा गार. त्याने तो सावकाश धुतला, पुसला, खाली ठेवला.

मग उजव्याकडे हात नेले, आणि त्याची बोटं आपोआप वळली. तीच जुनी पकड. अंगठा घोट्यामागे, चार बोटं पुढून. घोटा थरथरला. चंद्रभानने झटक्यात हात मागे ओढले आणि काखेत दाबून धरले.

मंडळीला दिसत होती फक्त रिकामी खुर्ची.

"झालं ना? उठा आता, प्रार्थना करू," पाद्रीबाबा म्हणाले. बाकं सरकली.

खिडकीतून लक्ष्मणराव पुन्हा हसला. "खुर्चीचे पाय धुऊन राह्यला का बे?" मग त्याची नजर परातीवर गेली. पाणी काळंशार झालं होतं, काठाला गाळ लागला होता. लक्ष्मणरावच्या तोंडातला खर्रा तोंडातच राहिला.

चंद्रभानने काखेतून हात काढले. त्याने दोन्ही तळवे उताणे करून खुर्चीपुढे फरशीवर ठेवले, आणि बोटं सरळ ठेवायला बैलापुढेही लावली नव्हती एवढी ताकद लावली.

"थांबा जी," तो म्हणाला. "एक पाय राह्यला."