एकतीस नंबरची पेटी

"डावं की उजवं?" मास्तरांनी विचारले.

बाईंनी मांडीचे हाड दोन्ही हातांनी उचलले आणि स्वतःच्या मांडीवर धरून पाहिले. "गोळा वर आणि आत. ही खरखरीत धार मागे. डावं."

"आणि वय?"

"टोकं पुरती सांधलीत. विशी ओलांडलेला." त्या हसल्या. "आता मला इथे नोकरीलाच लावा."

"लावतील की," दारातून कारकून म्हणाला. "मास्तरांची जागा शुक्रवारी रिकामी होतेच आहे."

मास्तरांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो फायली पोटाशी धरून चालता झाला.

अकरा वर्षांपूर्वी धरणाची भिंत फुटली आणि खालची वस्ती गाळाखाली गेली. गाळ उपसताना अजूनही हाडे निघत. ती धुऊन, सुकवून, ज्याची त्याला लावून पत्र्याच्या पेट्यांत भरायची, हे मास्तरांचे काम. कचेरीत त्यांना सगळे हाडाचे मास्तर म्हणत.

बाईंचा मुलगा त्या वस्तीत सुतारकामाला गेला होता. रक्ताच्या तपासणीचा त्यांना उपयोग नव्हता. मुलगा दोन महिन्यांचा असताना त्यांनी मांडीवर घेतलेला, आणि त्याच्या रक्ताचे कोणी माहीत नव्हते. राहिली एकच खूण. आठव्या वर्षी तो गच्चीवरून पडला, मनगटाच्या वर हात मोडला, आणि बसवणाऱ्याने तो वाकडाच बसवला. कारकुनाने अर्जात लिहून घेतले होते : उजवा हात.

उजव्या हाताचे वाकडे हाड काही कुठल्या पेटीत निघाले नाही. बाई मात्र दर मंगळवारी येत. पहिले काही महिने त्या नुसत्या बाकावर बसून राहिल्या. मग मास्तरच एकदा म्हणाले, "नुसत्या बसता, त्यापेक्षा शिका. स्वतःच्या डोळ्यांनी बघाल तरी." बाई शिकल्या. बरगड्या ओळीने लावू लागल्या, नडगीवर बोट फिरवून घोट्याची बाजू सांगू लागल्या. पाच वर्षांत त्यांचा एक मंगळवार चुकला नव्हता.

शिपाई आणतो तो चहा थंड असतो, म्हणून चहा मास्तर स्वतः नाक्यावरून आणत. ते येईपर्यंत बाई पेट्यांच्या रांगांत एकट्याच असत.

तीन वर्षांपूर्वी असाच चहा घेताना बाई म्हणाल्या होत्या, "शाळेत जाताना समोर उभा करून शर्ट घालायचे त्याला. हा माझ्या उजवीकडचा हात, बाहीत सरळ म्हणून जायचा नाही. रोज मेली कटकट."

मास्तरांचा कप ओठांजवळच थांबला. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावत : उजवी बाजू बघणाऱ्याची नाही, ज्याचं हाड त्याची. आईला हे विचारायचे त्यांना सुचले नव्हते. आई लेकराला नेहमी समोरूनच पाहते.

त्या दिवशी बाई गेल्यावर त्यांनी खालच्या फळीवरची एकतीस नंबरची पेटी ओढली. डाव्या हाताचे अंगठ्याच्या बाजूचे हाड. बटणासारखे टोक कोपराकडे, रुंद टोक मनगटाकडे, आणि मध्ये जुन्या मोडीची गाठ, वाकडी. वय जुळले. उंची जुळली. त्यांनी झाकण लावले. येत्या मंगळवारी सांगू, असे ठरवले.

त्या मंगळवारी ते गुळगुळीत दाढी करून आले. "आज कुणाचं लग्न?" बाईंनी विचारले. मास्तर चहा आणायला गेले, आले, आणि काही बोलले नाहीत.

बायको गेल्यापासून दोन खोल्यांत ते एकटे होते. बुधवारपासून मंगळवारची वाट बघायची, असे त्यांचे आयुष्य झाले होते. पेटी दिली की बाई कशाला येतील? एक मंगळवार गेला, मग दुसरा. लाज अशी की पुन्हा त्या पेटीला त्यांनी हात लावला नाही. झाडूवाल्याचा झाडू तिला लागला तरी ते दचकत.

पण आता सुटका नव्हती. शनिवारी नवे साहेब येऊन प्रत्येक पेटी उघडणार होते.

"मास्तर, आज चहा नाही वाटतं?" बाईंनी मांडीचे हाड जागेवर ठेवले.

"नंतर. आधी माझं ऐका." मास्तरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा चेहरा दिसत नसे. "अर्ज चुकलाय. त्याचा डावा हात मोडला होता. उजवीकडचा म्हणता तो तुमच्या उजवीकडचा."

बाईंनी पदराला हात पुसले.

"तो इथेच आहे. तीन वर्षं मला माहीत आहे. तुम्ही यायच्या थांबाल, म्हणून मी बोललो नाही." त्यांनी चष्मा खिशात कोंबला. "शिव्या द्या. वर तक्रार करा, मी सही करून देतो. पण आज त्याला घरी न्या."

बाहेर कारकून कोणाशी तरी फोनवर हसत होता.

मास्तर खालच्या फळीपुढे गुडघ्यांवर बसले. भरल्या पेटीला जोर लागतो, म्हणून त्यांनी दोन्ही कड्या धरून हिसका दिला. पेटी अशी सर्रकन आली की ते मागच्या मागे जमिनीवर बसले. त्यांनी झाकण उघडले. तळाशी कापसाची गादी होती आणि नंबराची चिठ्ठी. बाकी काही नव्हते.

त्यांनी चाचपडत चष्मा चढवला आणि वर पाहिले. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"शेवटचं हाड मी घरी नेलं," त्या म्हणाल्या, "त्याला दीड वर्ष होऊन गेलं, मास्तर."