दोन गाण्यांमधली जागा

चष्मेवाला मैफलींच्या सीड्या घरीच बर्न करून शौकिनांशी अदलाबदल करायचा. त्याचे नियम कडक होते. सीडी कमी वेगाने बर्न करायची, आधी स्वतः ऐकायची, आणि दोन गाण्यांमध्ये रिकामी जागा सोडायची नाही, कारण तिथे टाळ्या तुटतात. चुकणाऱ्याची तो बिनपाण्याने हजामत करायचा.

एका नव्या भिडूच्या सीडीत अशा जागा निघाल्या. चष्मेवाल्याने ती परत पाठवली, वर लिहिलं, "कान गहाण ठेवलेत का?"

आठवड्याने तीच सीडी परत आली. सोबत चिठ्ठी होती, "जागा मुद्दाम सोडल्यात. तुमच्यासाठी."

"माज बघ याचा," तो बायकोला म्हणाला. ती हसून स्वयंपाकघरात गेली. त्याने सीडी लावली.

पहिलं गाणं संपलं आणि रिकाम्या जागेत खुर्ची करकरली. तो चपापून मागे टेकला, तशी त्याची खुर्ची अगदी तश्शीच करकरली.

दुसऱ्या जागेत कप फुटला. त्याने घाईने आवाज कमी करायला हात नेला, तर कोपराचा धक्का लागून टेबलावरचा कप खाली पडून फुटला.

"काय फोडलंत आता?" बायकोने आतून विचारलं.

त्याने सीडी बंद करायला बटणाकडे हात नेला. पण सीडी अर्धवट ऐकून सोडायची नाही, हाही त्याचाच नियम होता.

तिसऱ्या जागेत बायकोचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो, तुमच्या मागे कोण उभं आहे?"

ती अजून आतच होती. पुढचं गाणं सुरू झालं. मग काचा गोळा करायला झाडू घेऊन ती दारात आली, त्याच्याकडे बघून जागीच थबकली.