कोरलेली भुवई

त्या घराण्यातल्या पुरुषांच्या भुवया एवढ्या दाट, की पणजोबांच्या भुवईत म्हणे चिमणीनं घरटं घातलं होतं, आणि पिल्लं उडेपर्यंत त्यांनी मान हलवली नव्हती.

तसलीच भुवई रेवाच्या कपाळी आली. त्या घरात मुलगा म्हणून जन्मलेली रेवा आता मिरजेत बाई म्हणून राहत होती. पार्लरच्या वनिताताईनं दातात दोरा धरून तिची एक बाजू कोरली, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"अप्पा गेले. थोरल्यानंच मडकं धरायचं असतं. पण दादा, पोरगा होऊन ये. साडीत आलास तर आईला गावात राहणं मुश्कील होईल."

वनिताताईनं दुसरी भुवई तशीच ठेवली, कोरलेली काळ्या पेन्सिलनं दाट रंगवली आणि केसही कात्रीनं उतरवले. "रडलीस तरी पुसू नकोस बाई," ती म्हणाली.

रेवानं रडणं गिळलं. शर्ट-पँट घालून ती अंगणात उभी राहिली, तेव्हा भावकीतल्या कुणालाच काही खटकलं नाही. पण मडकं धरणाऱ्याला आधी आंघोळ घालतात, हे पार्लरात दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. डोक्यावर घागर रिकामी झाली आणि काळा ओघळ गालावरून हनुवटीपर्यंत उतरला. भावकी त्या बारीक भुवईकडं बघू लागली.

आई पुढं आली. तिनं पदरानं तो गाल पुसला, मग त्या बारीक भुवईवरून अंगठा फिरवला.

"छान कोरलीय गं," ती हळूच म्हणाली, आणि रेवासाठी ठेवलेलं मडकं उचलून तिनं धाकट्याच्या हातात दिलं.