पाचवा डोळा

मुलीच्या एकुलत्या शाबूत डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, घड्याळात सात वाजतात त्या जागी, खसखशीएवढा तपकिरी ठिपका होता. कृत्रिम डोळे रंगवणाऱ्या बाईंनी तोही भिंगाखाली हुबेहूब उतरवला. हा पाचवा डोळा. आधीच्या चारही डोळ्यांत तिच्या होणाऱ्या नवऱ्याने खोट काढली होती: एक फिका, एक गडद, एक बावळट, तर एक म्हणे उगाचच रागीट. डोळा मनासारखा झाल्याशिवाय लग्नाची तारीख काढायची नाही, असा त्याचा हट्ट. मुलगी दर वेळी मुकाट्याने मान हलवायची आणि बाई दर वेळी दातओठ खात नवा डोळा रंगवायला घ्यायच्या.

आज डोळा बसवून झाला. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

"छे! नाहीच जमलं," तो म्हणाला. "रंग ठीक आहे हो बाई, पण यात जीव कुठाय? नुसती काचेची गोटी! चारचौघांत घेऊन कसा जाऊ हिला?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नक्की काय खटकतंय, ते एकदा बोट ठेवून दाखवा बघू!"

त्याने दाखवलं. बोट तिच्या खऱ्या डोळ्याकडे होतं.

हसावं की रडावं, बाईंना कळेना. त्या काही बोलणार, तोच मुलीने त्याचा हात बाजूला सारला.

"बाई, डोळा अगदी छान झालाय, आता बदलू नका," ती म्हणाली. "लग्न मात्र मी करणार नाहीये."