ओली वाळू

रंगनाथ मिस्त्रींनी खाटेवरून वाळूकडे बघितलं. वाळू ओली होती. बायको तीच पाइपात भरून दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या ठोकत होती.

"वाळू भरली की वाकवताना पाइप चेपत नाही. चाळीस वर्षं बघतेय मी," ती म्हणाली. "संडासात धरायला दांडा करून देते तुम्हाला."

पण वाळू आधी तव्यावर कोरडी भाजायची असते, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. ते काम मिस्त्री पहाटे, ती उठायच्या आत उरकायचे. ओली वाळू तापली की वाफ कोंडते आणि खुंटी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते.

"आ... आ..." त्यांनी डाव्या हाताने वाळू दाखवली. लकवा मारल्यापासून जीभ एवढंच बोलायची.

"हो, वाळूच आहे. शेजारच्या बांधकामावरनं आणली. पाणी हवंय का?"

पाणी ते टाळायचेच. तिच्यावर आणखी भार नको म्हणून चार महिन्यांत त्यांनी एकदाही खाट ओली होऊ दिली नव्हती.

पाइप तापवायला तिने गॅसची बत्ती पेटवली. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि स्वतःला सोडून दिलं.

"अगं बाई! खुणेने तरी सांगायचं हो!" बत्ती विझवून ती धावली. धोतर बदलताना तिचे डोळे भरून आले. "राहू दे आता. जेवणं झाली की वाकवते."

तोवर ती वाळू थोडीच वाळणार होती? मिस्त्रींनी डाव्या हाताने तांब्या ओढला आणि घटाघटा रिकामा केला.