ऑर्लकूमचं गायरान

"तुझ्या आईला सांग, पुढच्या साली इथं मेथी नाही," कुंपणापलीकडून शेजारच्या वाफ्यातला बर्ट म्हणाला. "सर जाइल्स इथं गोल्फचं मैदान करतोय."

सुखदेव ओव्हाळनं आईला ते सांगितलं नाही. गयाबाई वाफ्यात उकिडवी बसून तण उपटत होती. नवरा गेल्यापासून आठ वर्षं हा वाफा म्हणजेच तिचं जग. इंग्लिश येत नाही, टीव्ही कळत नाही. बर्टशी मात्र ती मराठीतून भांडायची, तो इंग्लिशमधून उलटून बोलायचा, आणि दोघांचं झकास चालायचं. वाफा गेला तर ही बाई खिडकीत बसून बसून संपेल, हे सुखदेवला पक्कं ठाऊक होतं.

ऑर्लकूम ब्रिस्टलपासून बारा मैलांवर. पन्नासेक घरं, एक चर्च, आणि टेकाडावर थर्स्टनांची हवेली. चारशे वर्षं गाव त्यांचंच. हवेलीत मालकीण समोरून आली की मोलकरणींनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, असा रिवाज. बर्टच्या आजीनं बावीस वर्षं भिंत बघितली. चर्चमध्ये थर्स्टनांचा दरवाजा वेगळा, बाकं वेगळी. आपले लोक म्हणतात, गोऱ्यांत असलं काही नसतं. अरे, गाव म्हटलं की वेस आलीच. इथं तिच्यावर गुलाब चढवतात, एवढंच.

आणि आता १९८८ साली थर्स्टनांच्या सर जाइल्सला हे वाफे असलेलं, गावाचं उरलंसुरलं गायरानही हवं होतं.

सुखदेव विमानाच्या कारखान्यात फिटर. शिक्षण दहावी. पण तो शनिवारी लायब्ररीत बसायचा, आणि एकदा बसला की उठत नसे. त्यानं पाद्र्याच्या मागे लागून चर्चची जुनी पेटी उघडायला लावली. तळाशी १६४१ चा ठराव सापडला. अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. चार महिने भिंग घेऊन त्यानं ते लावलं.

'या गावच्या गरिबांना गायरानात गवत, सरपण आणि एक वाफा. ज्याचा बाप किंवा आई आमच्या चर्चच्या मातीत आहे, त्याचा हा हक्क. तो धन्यानं काढून घेऊ नये.'

गावचे गरीब! सुखदेव लायब्ररीत मोठ्यानं हसला. काउंटरवरच्या बाईनं शुक् केलं.

मग तो घरोघरी गेला. कुणाचे आईबाप कुठल्या थडग्यात, याची यादी करायची होती. आठ वर्षं ज्यांनी त्याला पायरीवरूनच वाटेला लावलं होतं, त्यांनी आत बोलावलं. चहा दिला, बिस्किटं दिली, आपले मेलेले दिले. एक्केचाळीस घरं झाली. सगळी नावं सुखदेवच्या हातची, सुवाच्य.

ठराव आणि यादी जोडून गावानं सरकारकडे दावा लावला. सुनावणीला शाळेचा हॉल भरला. सर जाइल्स पुढच्या रांगेत पायावर पाय टाकून बसला होता.

"मिस्टर ओव्हाळ, आमच्या इतिहासाची तुम्हाला एवढी काळजी का, हो?"

"तुमच्या नाही," सुखदेव म्हणाला. "ह्यांच्या."

टाळ्या पडल्या. सरकारी इन्स्पेक्टरनं चष्मा पुसला. "हा ठराव साडेतीनशे वर्षं जुना आहे. आज त्यातलं काय लागू धरायचं?"

"सगळं. अक्षर न् अक्षर. हा हक्क धन्यानं दिलेला नाही. मेलेल्या गरिबांनी मागं ठेवलेला आहे. ज्यांची हाडं इथं, जमीन त्यांची."

सहा आठवड्यांनी निकाल आला. गायरान गावाचं. अक्षर न् अक्षर.

पबमध्ये त्या दिवशी सुखदेवला कुणी खिशात हात घालू दिला नाही. "ओव्हल!" बर्ट त्याच्या पाठीवर थापा मारत ओरडला. "आजपासून तू आमचा!" त्याला नाव कधीच नीट घेता आलं नाही. सुखदेवला त्या दिवशी तेही गोड लागलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी, बर्ट दारात आला. टोपी हातात, दुसऱ्या हातात पाकीट.

"गावाची मीटिंग झाली," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "वाफे यादीप्रमाणे वाटले."

सुखदेवनं कागद वाचला. खाली त्याचीच यादी जोडली होती. एक्केचाळीस घरं. मिसेस ओव्हाळ यांनी महिनाअखेर वाफा मोकळा करावा.

"बर्ट, हे काय आहे?"

"तुझा बाप आमच्या मातीत नाही, ओव्हल. अक्षर न् अक्षर, असं तूच म्हणालास."

"आणि तू कुणाच्या बाजूनं मत दिलंस?"

"मी मत नाही दिलं. त्याच्या आधीच घरी गेलो."

सुखदेवनं दार लावलं. वडलांना, यादवरावांना, ब्रिस्टलला साहेबांच्याच दाहगृहात जाळलं होतं. नगरकडच्या त्यांच्या गावानं महारांचं मढं कधी गावच्या मसणवट्यात जळू दिलं नाही. म्हणून गयाबाईनं इथं हट्ट धरला होता: साहेबाच्या देशात साहेबासारखं, मानानं जळायचं. स्वतःसाठीही तिनं पोराकडून तसं वचन घेतलं होतं, एकदा नाही, तीनदा.

त्याची नऊ वर्षांची पोरगी सीमा आजीला कागद समजावत होती. "आजी, तुझा बाग ते लोक घेतला. ज्याचा मम्मी-डॅडी चर्चमध्ये बरी केलाय, त्यालाच मिळतो."

"बरी म्हंजी?"

"जमिनीमध्ये ठेवतात."

"आये, मी अपील करतो," सुखदेव ओरडला. "सोडत नाही एकेकाला!"

गयाबाई पदरानं तोंड पुसून म्हणाली, "सुख्या, मला जाळू नगं. त्यांच्यातच पुर. तुला तरी वाफा मिळंल."