दोन नाकं, एक मत

मावशीने दुधाच्या कॅनचं झाकण उचललं. नाकमास्तर पुढे वाकले आणि कळ आली. डाव्या गालाच्या हाडातून निघाली, डोळ्यामागून फिरली आणि भुवईत जाऊन बसली. भुवई टुणकन वर उडाली.

“बाजूला,” मावशी म्हणाली.

मग तिने ते झाकण उलटं करून मास्तरांच्या नाकाशी धरलं. मास्तरांनी श्वास ओढला. गेल्या नऊ दिवसांप्रमाणे आजही काही वास आला नाही. “बाजूला,” तेही म्हणाले, आणि कॅन रांगेतून निघाला.

दूध संकलन केंद्राचा हा नियमच होता. वास झाकणाच्या आतल्या बाजूला दाटतो, म्हणून झाकण हुंगायचं. पहिलं नाक मावशीचं, दुसरं आणि पक्कं मास्तरांचं. अकरा वर्षांत दोघांचं मत एकदाही वेगळं पडलं नव्हतं. ‘दोन नाकं, एक मत,’ असं केंद्राचे साहेब पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पण नाकं चुकली तर त्या जागी यंत्र बसवू, हेही ते हसत हसत सांगून ठेवत. मास्तरांना त्या हसण्याची धास्ती होती. दूध हुंगण्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, आणि पंचावन्नाव्या वर्षी दुसरं नाक कोण देणार?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सायनसमध्ये पू साठलाय. दहा दिवसांच्या गोळ्या, मीठ-पाण्याने नाक धुणं, दोन वेळा वाफ. वास कधी परत येईल म्हणून विचारल्यावर डॉक्टरांनी नुसते खांदे उडवले. मास्तर डोक्यावर टॉवेल घेऊन पातेल्यावर इतके वाकत की एकदा नाकाचा शेंडा पोळला. वाफेत रडून घ्यायची सोय होती, तीही त्यांनी वापरली. बाहेर आले की बायको नाकाखाली काहीबाही धरून परीक्षा घेई. काल तिने कांदा चिरून धरला. मास्तरांना पत्ता नाही.

“जन्मभर नाकाने कांदे सोललेत,” ती म्हणाली, “आता कांदा ओळखा.” बोलून गेली आणि तिलाच वाईट वाटलं. मग उगीच दोनदा चहा केला.

केंद्रावर मात्र मास्तर गप्प होते. मावशी ‘चालेल’ म्हणाली की चालेल, ‘बाजूला’ म्हणाली की बाजूला. सगळं दूध पुढे एकाच टाकीत पडे. एक नासका कॅन आत गेला की टाकी गेली. नऊ दिवस टाकी शाबूत होती ती मावशीच्या नाकामुळे, असं ते मनात रोज तिच्या पाया पडत म्हणत. सकाळी सकाळी बरेच कॅन बाजूला पडत. दहानंतर, गोळी लागू पडून गाल जरा हलका झाला की दूधही चांगलं निघे. मास्तरांना वाटे, देवालाच दया येते.

आता ज्या बाईचा कॅन निघाला होता, ती जागची हलेना. तिला सगळे दोन गायीवाली म्हणत. नऊ दिवसांत तिचं दूध पाचव्यांदा परत चाललं होतं. त्याआधी एकदाही नाही. ती भांडली नाही. तिने झाकणात दूध ओतून घेतलं, सगळ्यांसमोर पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं.

“हेच दूध सकाळी नातवाला पाजलंय,” ती म्हणाली. “काय खराब आहे यात, तेवढं सांगा. मी जाते.”

मास्तरांना सांगता येईना. आंबूस म्हणावं की जळकट? कुठलाही शब्द खोटाच पडणार होता. गालात ठोके पडत होते. आतून साहेबांनी आवाज दिला, काय घोळ चाललाय, मागे अजून साठ कॅन उभे आहेत.

मास्तरांनी मावशीला दंडाला धरून खांबाआड नेलं. अकरा वर्षांत प्रथमच ते तिच्याशी कामाबाहेरचं बोलत होते.

“मावशी, नऊ दिवस मला कसलाच वास येत नाही. तुमच्या नाकावर चाललंय सगळं. खरं सांगा, तिचं दूध खराब आहे का?”

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पदराचं टोक तोंडाशी धरलं.

“दादा, मी लागले त्याच वर्षी अशीच सर्दी झाली होती. डोकं फुटायचं नुसतं. औषधपाणी केलं नाही. तेव्हापासून नाक मेलंय माझं.”

“मग सांगता कशावरून?”

“तुमच्यावरून. झाकण निघालं की वास तुम्हाला लगेच कळतो. खराब असलं की तुमची डावी भुवई वर जाते. तेवढं बघते आणि सांगते.”

मास्तरांचा हात भुवईवर गेला; नऊ दिवस ती कळेनेच उडत होती. रोज सकाळचे ते सगळे कॅन त्यांच्या डोळ्यांसमोरून परत गेले. पलीकडे टाकीत दूध पडत होतं. त्यात काय काय पडलं असेल, ते जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेब दारात येऊन उभे राहिले. “काय ठरलं?”

दोघं जागेवर गेले. दोन गायीवाली कॅनला हात लावून उभी होती. मावशीने झाकण उचललं. मास्तर वाकले आणि कळ निघाली, गालातून, डोळ्यामागून, वर. त्यांनी अंगठ्याने डावी भुवई हाडाशी गच्च दाबून धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण भुवई हलू दिली नाही.

मावशीने सवयीने तिकडे पाहिलं.

“चालेल,” ती म्हणाली.